तुकोबांचे सोबती

मराठी वाङ्मयांतील स्नेहभावाचा विषय निघाला म्हणजे आमचे टीकाकार सहसा कादंबऱ्यांकडे वळतात. फार झालें तर १९२३ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या चहाच्या बैठकींपर्यंत जातात आणि तेथें थांबतात. समानशील अशा चार सुशिक्षितांनीं एकत्र बसून कविता वाचाव्या, एकमेकांच्या ओळींस दाद द्यावी, कोणावर टीकेची झोड उठली असतां इतरांनीं त्याची पाठराखण करावी, ही गोष्ट गोड आहे यांत शंका नाहीं. परंतु मित्रमंडळाच्या पोटीं जन्मलेलें मराठींतील सर्वांत मोठें काव्य शोधावयाचें तर त्याहून सुमारें पावणेतीनशें वर्षें मागें जावें लागतें. तें काव्य म्हणजे तुकारामबोवांची गाथा. हें विधान ऐकून कित्येकांस नवल वाटेल. तुकोबा म्हणजे भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटा बसलेला, जनांस विटलेला, आपल्या मनाशीं आणि देवाशींच काय तें भांडणारा पुरुष, हें चित्र वाचकांच्या मनांत इतकें पक्कें बसलें आहे, कीं त्या चित्रांत दुसऱ्या कोणास उभें राहावयास जागाच उरलेली नाहीं. ती जागा करून देतां येते कीं काय, हें पाहण्याचा आमचा उद्देश आहे.

हें चित्र आलें कोठून? आमच्या मतें तें गाथेंतून आलें नसून गाथा वाचण्याच्या आमच्या रीतींतून आलें आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या, मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत संतांची तुलना यूरोपांतील धर्मसुधारकांशीं केली. राजवाड्यांनीं त्याच संतांच्या माथीं निष्क्रियतेचा दोष मारला. १९३३ सालीं गुरुदेव रा. द. रानडे यांनीं महाराष्ट्रांतील गूढवादावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला आणि तुकोबांच्या व्याकुळतेचा अर्थ ख्रिस्ती साधक ज्यास आत्म्याची काळरात्र म्हणतात तिच्या आधारें लावला. १९५० मध्यें गं. बा. सरदार यांनीं संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुति तपासली. हे चौघेही थोर. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु संतांनीं राष्ट्रासाठीं काय केलें, समाजासाठीं काय केलें, आणि एकांतांत त्यांस काय दिसलें, या तीन प्रश्नांच्या गडबडींत चौथा एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. दुकान बुडालें, बायको उपाशीं मेली, लोकांनीं तोंड फिरविलें, त्यानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं या वाण्याच्या दाराशीं येऊन कोण बसलें? ज्यांनीं वर्डस्वर्थ आणि शेले यांची कविता कॉलेजांत अभ्यासली, त्यांस कवि म्हटला कीं तो एकटाच असावयाचा असें वाटूं लागतें. आणि अभंग म्हटला कीं तो आत्मनिवेदनाचा उद्गार, म्हणजे जणूं बंद खोलींत लिहिलेली रोजनिशीच. अभंगाचा जन्म बंद खोलींत झालेला नाहीं.

तुकोबांच्या सोबत्यांचीं गांवें नकाशावर मांडून पाहिलीं म्हणजे पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही, कीं हें मंडळ पायीं चालून जमणाऱ्यांचें होतें. मावळांत उर्से येथें आज मुंबई-पुणे द्रुतगति मार्गावरचा टोलनाका आहे. २००२ सालीं पूर्ण झालेल्या त्या रस्त्यानें भरधांव जाणाऱ्या प्रवाशास उर्से म्हणजे पैसे भरण्यापुरतें थांबण्याचें ठिकाण; पण तेथून पूर्वेकडे दृष्टि टाकली तर तुकोबांचा सारा मुलूख एका ओळींत उभा राहतो. जवळच तळेगांव, त्यापलीकडे इंद्रायणी आणि इंदोरी, मग भंडाऱ्याचा डोंगर, त्याच्या परिसरांत सुदुंबरें, येलवाडी, देहू. आणखी पुढें चिखली आणि चाकण. दूर पुण्याच्या अंगास लोहगांव व वाघोली, आणि उत्तरेस खेडच्या बाजूला कडूस. या सर्व गांवांतून देहूस येणें हें एका दिवसाच्या चालीचें काम, आणि पुष्कळांना तर अर्ध्या दिवसाचें. सकाळचीं कामें उरकून निघावें, रात्रीं कीर्तनांत उभें राहावें, पहांटे परत फिरून घाण्याला किंवा नांगराला लागावें, अशा अंतरावर हे लोक राहत होते. आज त्याच पट्ट्यांत चाकणचे कारखाने आणि तळेगांवच्या वसाहती झाल्या आहेत. रोजच्या पोटापाण्यासाठीं दुरून येऊन राहिलेल्या माणसांची तेथें दाटी आहे. त्यांचें काय, हा प्रश्न येथें अप्रस्तुत नाहीं, परंतु तो सध्यां बाजूस ठेवूं.

परंपरेनें तुकोबांचे चौदा टाळकरी सांगितले जातात. याद्यांयाद्यांत नांवें थोडीं इकडचीं तिकडे होतात. पण त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. चाकणचे संताजी जगनाडे जातीनें तेली. कडूसचे गंगाराम मवाळ ब्राह्मण. चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी. सुदुंबऱ्याचे गवरशेट वाणी, म्हणजे तुकोबांच्याच धंद्याचे. लोहगांवचे शिवबा कासार आणि नावजी माळी. येलवाडीचे मालजी गाडे हे तर घरचे जांवई, आणि कान्होबा पाठचा भाऊ. यादी वाचतांना जातींची सरमिसळ डोळ्यांत भरते आणि लेखक लागलीच समतेचा गौरव करूं लागतात. आम्हांस तीहून अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट: यांतील प्रत्येकाला पोटाचा व्यवसाय होता आणि त्या व्यवसायाची विवंचना होती. १६२९ पासून दोन-तीन वर्षें दख्खनला जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांतून हा मुलूख उठत होता. त्या दुष्काळांत तुकोबांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, दिवाळें निघालें, मान गेला. हें त्यांनींच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत कसलाही आडपडदा न ठेवितां सांगितलें आहे. त्या सांगण्याचा सूर लक्षपूर्वक ऐकावा. आपल्यासारख्याच बुडालेल्या माणसांपुढें बुडालेला माणूस जसा बोलतो तसा तो सूर आहे. श्रोत्यांनीं विचारलें म्हणून सांगतों, नाहीं तर हें सांगण्यासारखें नव्हे, असा संकोचही त्यांत आहे. आणि विचारणारे होते म्हणूनच हा मोलाचा मजकूर आज आमच्या हातीं लागला आहे.

मंडळांतील सर्वच मंडळी स्नेहानेंच आली असें मात्र नव्हे. महिपतीनें शिवबा कासाराची हकीकत दिली आहे. नवरा कीर्तनाच्या नादीं लागला म्हणून त्याच्या बायकोनें तुकोबांना घरीं बोलाविलें आणि स्नानाच्या वेळीं अंगावर कढत पाणी ओतलें. वाघोलीचे रामेश्वरभट तर उघड विरोधक. त्यांच्याच सांगण्यावरून वह्या इंद्रायणींत गेल्या असें परंपरा सांगते, आणि पुढें तेच टाळ घेऊन मागें उभे राहिले. महिपति हा अठराव्या शतकांतला चरित्रकार. त्याचा 'भक्तविजय' १७६२ चा आणि 'भक्तलीलामृत' १७७४ चें, म्हणजे तुकोबांनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं लिहिलेलें. त्याच्या चमत्कारांवर कोणीं किती विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु चमत्कार वगळून उरतें तें असें, कीं या मंडळाचें दार आंतून बंद नव्हतें, आणि काल ज्यानें दगड मारला त्यास आज ओळींत उभें करण्याची त्यांची तयारी होती. पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन मंडळांविषयीं इतकें म्हणतां येईल किंवा कसें याविषयीं आम्ही मौन पाळतों.

आतां काव्याकडे वळूं. कारण मित्र होते एवढ्यानें काव्य मित्रांचें ठरत नाहीं. तें काव्याच्या अंगांत दिसलें पाहिजे. गाथेच्या चांगल्या आवृत्तींत बहुतेक प्रत्येक अभंगाच्या दुसऱ्या चरणापुढें ध्रुपदाची खूण छापलेली असते. कित्येक निवडक संग्रहांतून ती खूण गाळलेली आढळते, आणि ती गळतांच अभंगाचा अर्धा देह नाहींसा होतो. ध्रुपद म्हणजे मागच्यांची ओळ. कीर्तनकार एक चरण पुढें सरकतो आणि टाळकरी त्यास पुन्हां त्याच ओळीवर आणून सोडतात. पुढचा माणूस दुःखाच्या, रागाच्या, क्वचित् नास्तिकतेच्याही कडेपर्यंत जाऊं शकतो याचें कारणच हें, कीं मागें दहा-बारा माणसें ती एक ओळ धरून उभीं आहेत. तुकोबांचे कित्येक अत्यंत निराश अभंग आम्हीं ध्रुपदासह आणि ध्रुपदावांचून असे दोन्ही प्रकारें वाचून पाहिले. ध्रुपदावांचून ते आक्रोश वाटतात; ध्रुपदासह तेच शब्द तक्रार होतात. आक्रोशाला ऐकणारा लागत नाहीं, तक्रारीला लागतो. अभंगाच्या शेवटीं येणाऱ्या नाममुद्रेचीही हीच गोष्ट. कवि स्वतःचें नांव तृतीयपुरुषांत घेतो, जणूं कोणी दुसरा त्याचें म्हणणें पुढें सांगत आहे. आणि खरोखरच दुसरे तें सांगतही होते. मुद्रा ही मालकीची खूण आहे असें शिकविलें जातें. आम्हांस ती सुपूर्द करण्याची खूण वाटते.

ही रीत अद्याप मेलेली नाहीं. मावळांत गांवोगांव होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहांत सात दिवस वीणा खालीं ठेवीत नाहींत. पहारे लाविलेले असतात. एकाचा पहारा संपला कीं दुसरा येऊन गळ्यांत वीणा घेतो, आणि पहिला घरीं जाऊन गुरांचें पाहतो किंवा कारखान्याची पाळी गांठतो. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला सहसा कोणी राजी नसतो, म्हणून ज्याचें घर जवळ त्याच्या गळ्यांत तो पडतो, हाही नेहमींचा अनुभव. उलट कीर्तनाच्या बाबतींत अलीकडे जो पालट झाला आहे तो आम्हांस मुळींच रुचत नाहीं. ध्वनिक्षेपक कीर्तनकाराच्या गळ्याशीं आणि टाळकरी शोभेसाठीं मागें, अशी मांडणी होऊं लागली आहे. ध्रुपद कोण धरतो याकडे कोणाचें लक्ष नसतें, आणि बुवा विनोद सांगण्यांत दंग असतात.

गाथेंतील ज्या भागावर या दृष्टीनें सर्वांत अधिक लिहावयास हवें, त्यावर सर्वांत कमी लिहिलें गेलें आहे. तो भाग म्हणजे पंढरीस पाठविलेल्या पत्राचे अभंग. वारीचा दिवस आला, तुकोबांस जातां येईना. मग त्यांनीं देवास पत्र लिहिलें आणि जाणाऱ्या वारकऱ्यांच्या हातीं दिलें. पत्रांत काय आहे? रुसवा आहे, आळवणी आहे, आपल्या अपात्रतेची कबुली आहे. हें सर्व इतरत्रही आढळतें. पण खरी नवलाई पत्र गेल्यानंतरच्या अभंगांत आहे. पत्र घेऊन माणसें गेलीं, आणि मागें राहिलेला हा माणूस वाटेकडे डोळे लावून बसला आहे. आतां ते कोठवर पोंचले असतील? भेट झाली असेल का? माझें नांव निघाल्यावर तो काय म्हणाला असेल? कांहीं निरोप देईल, कांहीं खाऊ पाठवील, कीं विसरून जाईल? सासरीं अडकलेली मुलगी माहेरच्या वाटसरूची जशी वाट पाहते, तसें हें सारें चाललेलें आहे. आणि मग वारकरी परत येतात तेव्हांचे अभंग! त्यांच्या पायांवर डोकें ठेवणें, एकेकास पुन्हां पुन्हां विचारणें, त्यांच्या अंगाला लागलेल्या धुळीचाही हेवा करणें.

या अभंगांना गूढवादाची काळरात्र म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें, परंतु त्या रात्रींत दिवा घेऊन जाणारीं-येणारीं माणसें आहेत हें विसरूं नये. येथें भक्त आणि देव असे दोनच पक्ष नाहींत. तिसरा पक्ष आहे निरोप नेणारांचा, आणि सर्व काव्य या तिसऱ्या पक्षाच्या पायांवर चालतें. जो स्वतः जाऊं शकत नाहीं त्याचें ओझें जाणाऱ्यानें न्यावें, आणि आल्यावर त्यास इत्थंभूत सांगावें, ही कामगिरी किती क्षुल्लक आणि किती मोठी! आजारी, अडचणींत सांपडलेला, पैशावांचून घरीं राहिलेला असा एक तरी माणूस प्रत्येक दिंडीमागें राहत असला पाहिजे. तुकोबांनीं त्या मागें राहिलेल्याच्या तोंडीं काव्य घातलें. इंग्रजींत काय किंवा संस्कृतांत काय, विरहाचीं संदेशकाव्यें पुष्कळ आहेत. पण मेघाला किंवा हंसाला दूत करणारा कवि दूताच्या दमलेल्या पायांकडे पाहत नाहीं. तुकोबा पाहतात, कारण त्यांचे दूत शेजारच्या गांवचे होते आणि त्यांचे पाय खरोखरच सुजत होते.

काल्याच्या आणि खेळांच्या अभंगांविषयींही हेंच म्हणावें लागेल. टिपरी, चेंडूफळी, विटीदांडू, फुगडी, हमामा असे खेळ घेऊन तुकोबांनीं रचलेले अभंग टीकाकार सहसा बाळबोध म्हणून ओलांडून जातात. कोणी दयाळूपणें त्यांवर वेदान्ताचें रूपक बसवितो. रूपक तेथें आहे, पण तें वरवरचें आहे. खालीं आहे तो गुराख्यांचा कळप. रानांत दुपार झाली आहे, प्रत्येकानें आपली शिदोरी सोडली आहे; कोणाची दहींभाताची, कोणाची शिळ्या भाकरीची, आणि कोणाच्या फडक्यांत तर बहुधा कांहींच नाहीं. ती सर्व एकत्र कालविली जाते आणि मग कोणाचा घांस कोणता हें ओळखतां येत नाहीं. ज्याच्याजवळ कांहीं नव्हतें त्याची लाज झांकण्याची याहून नाजूक युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं. दान घेणारा ओळखूं येतो, काल्यांत जेवणारा ओळखूं येत नाहीं. या अभंगांत देवाला जें मोठेपण आहे तें त्यानें उष्टें खाल्लें म्हणून. सप्ताहाची समाप्ति आजही काल्याच्या कीर्तनानें होते, आणि पांगळ्या पेंद्याचें सोंग पाहून मुलें हंसतात. दुष्काळांतून गेलेल्या पिढीनें तो काला कोणत्या भुकेनें ऐकला असेल याची कल्पना मात्र आज करावी लागते.

गाथा टिकली तीही याच मंडळामुळें. वह्या पाण्यांत गेल्या आणि तेराव्या दिवशीं कोरड्या वर आल्या, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याच इंद्रायणींत तुकोबांनीं आधीं स्वतःच्या हातानें सावकारीचे कागद बुडविले होते. कान्होबाचा अर्धा वांटा वेगळा काढून देऊन मग आपला अर्धा बुडविला, असें महिपति सांगतो. ते कागद वर आले नाहींत. वर येण्यासाठीं कोणाच्या तरी तोंडांत असावें लागतें. संताजी आणि गंगाराम हे तुकोबांचे लेखक म्हणून परंपरेंत प्रसिद्ध आहेत, आणि इतरांना शेंकडों अभंग पाठ असणार हें उघड आहे. १८६९ व १८७३ सालीं इंदुप्रकाश छापखान्यानें काढलेली जी मोठी आवृत्ति शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखालीं तयार झाली, तिच्यासाठीं देहूची, तळेगांवची, कडूसची आणि पंढरपूरची अशा हस्तलिखित प्रति पाहिल्या गेल्या. तळेगांवची प्रत त्र्यंबक कासाराची. पुढें वि. ल. भावे यांनीं १९१९-२० च्या सुमारास संताजीच्या वह्यांवरून 'अस्सल गाथा' म्हणून आवृत्ति काढली. तींत अभंगांची संख्या रूढ गाथेहून पुष्कळ कमी. अस्सल कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हा वाद तेव्हांपासून चालू आहे. पाठचिकित्सा अवश्य व्हावी. परंतु एका माणसाच्या लेखणींतून उतरलेला एकच शुद्ध पाठ शोधावयाचा, हें ध्येय या ग्रंथाला कितपत लागू पडतें याचा विचार चिकित्सकांनीं आधीं करावा. तेली, कासार आणि ब्राह्मण यांनीं आपापल्या गांवीं, आपापल्या उच्चारानें आणि आपापल्या आठवणीनें जें जपलें तें म्हणजे गाथा. पाठभेद हे येथें सोबत्यांचे आवाज आहेत. ते सर्व तळटीपेंत कोंबून एक आवाज वर ठेवणें सोयीचें असेल, पण तें गाथेच्या स्वभावाला धरून नाहीं.

संताजीविषयीं एक आख्यायिका आहे. मागें राहिलेल्यानें आधीं गेलेल्याच्या देहावर माती लोटावी असा दोघांचा करार होता. तुकोबा आधीं गेले. पुढें सुदुंबऱ्यास संताजीचा देह मातीखालीं झांकतां झांकेना, तेव्हां तुकोबा येऊन तीन मुठी माती टाकून गेले. चमत्कार म्हणून ती कोणीं मानूं नये. करार म्हणून मात्र ती खरी वाटते. शेजारीशेजारी जगणाऱ्या दोन कष्टकऱ्यांनीं एकमेकांकडून मागावें तें याहून अधिक काय?

तुकोबा गेल्यावर कान्होबानें केलेले विलापाचे अभंग गाथेंतच छापलेले असतात, आणि ते थोरल्या भावाच्या अभंगांच्या तोलाचे आहेत असें आमचें स्पष्ट मत आहे. भाऊ वैकुंठास गेला म्हणून धन्यता मानावी असें सर्व जग म्हणत असतां हा धाकटा देवाच्या दाराशीं उभा राहून चोरीचा आळ घेतो, भाऊ परत दे म्हणून धमकावतो, वांटणीच्या भांडणांतली भाषा वापरतो. मोक्षाच्या कल्पनेनें त्याचें समाधान होत नाहीं. सोबतीची किंमत या वाङ्मयांत कोणीं सर्वांत नेमकी केली असेल तर ती यानें.

मंडळाबाहेरून आलेली एक साक्ष फार मोलाची आहे; ती शिऊरच्या बहिणाबाईंची. त्यांचा काळ १६२८ ते १७००. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांचें जस्टिन अ‍ॅबट यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९२९ मध्यें प्रसिद्ध झालें. लहानपणीं वयस्क बिजवराशीं झालेलें लग्न, कोल्हापुरास तुकोबांचे अभंग कानीं पडणें, स्वप्नांत त्यांचा उपदेश होणें, ब्राह्मण असून वाण्याला गुरु करते म्हणून नवऱ्याचा मार, आणि अखेर त्याच नवऱ्यासह देहूस येणें, हें सर्व त्या सांगतात. देहूंतही मंबाजीचा छळ सुटला नाहीं. पण देवळांत कीर्तनाच्या वेळीं बसावयास मिळालें, ऐकावयास मिळालें. बहिणाबाईंना कोणीं सोडविलें नाहीं. त्यांचा संसार जसा होता तसाच राहिला. त्यांस मिळालें तें एवढेंच, कीं आपल्या दुःखाला शब्द आहेत आणि ते दुसऱ्या कोणीं तरी आधींच उच्चारले आहेत. एवढ्याच आधारावर त्यांनीं स्वतःची हकीकत स्वतः लिहिली. मध्ययुगांतल्या किती स्त्रियांना तें साधलें?

येथवर आम्हीं स्तुति केली. मंडळाच्या मर्यादा सांगितल्यावांचून ती खरी ठरणार नाहीं. तुकोबांच्या तीनशें वर्षें आधीं नामदेवांच्या भोंवतीं असेंच मंडळ होतें: गोरोबा कुंभार, सांवता माळी, सेना न्हावी, नरहरि सोनार, घरची दासी जनाबाई, आणि चोखामेळा. चोखोबा १३३८ सालीं मंगळवेढ्यास कुसूं बांधण्याच्या कामावर असतां तें कोसळून मेले. नामदेवांनीं जाऊन ढिगाऱ्यांतून त्यांच्या अस्थि वेंचून आणल्या आणि पंढरीच्या महाद्वाराशीं समाधि केली, असें परंपरा सांगते. मित्रानें मित्रासाठीं केलेली ही केवढी गोष्ट! आणि तरीही ती समाधि दाराबाहेर आहे. स्नेहाचा हात महाद्वाराच्या पायरीपर्यंत पोंचला, उंबरा ओलांडूं शकला नाहीं. तो ओलांडण्यासाठीं सहाशें वर्षांनीं, १९४७ च्या मे महिन्यांत, साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें. संतमेळ्याच्या गोडव्यांत ही पायरी विसरली जाऊं नये. चोखोबांच्या अभंगांत ती विसरलेली नाहीं. सोबत्यांविषयीं कृतज्ञता आणि आपल्या वांट्यास आलेल्या जिण्याविषयीं संताप, हे दोन्ही त्यांत शेजारीं शेजारीं नांदतात, आणि एकानें दुसऱ्यास गिळलें नाहीं हाच त्यांच्या काव्याचा विशेष आहे.

दुसरी मर्यादा घरांतली. जिजाईविषयीं गाथेंत आणि चरित्रांत जें येतें तें बहुधा तिच्या तोंडाळपणाविषयीं. पण भंडाऱ्यावरच्या त्या सुप्रसिद्ध एकांताला रोज भाकरी कोणीं पोंचविली? परंपराच सांगते कीं जिजाई ती डोंगर चढून नेत असे, आणि एकदां कांटा मोडला तो काढावयास प्रत्यक्ष विठ्ठल आला. विठ्ठल आला हें सर्वांना आठवतें, ती रोज चढत होती हें आठवत नाहीं. १९३६ सालीं प्रभात कंपनीनें काढलेल्या 'संत तुकाराम' या बोलपटानें ही बाजू प्रथम नीट दाखविली असें आम्हांस वाटतें. दामले आणि फत्तेलाल यांचें तें दिग्दर्शन. व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ मध्यें त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस त्यांतील गौरीची जिजाई अधिक मोलाची वाटते: चिडलेली, दमलेली, शेण काढतां काढतां देवाला शिव्या देणारी, आणि तरीही भाकरी बांधून निघणारी. ग्रंथांनीं जें केलें नाहीं तें एका फारसें न शिकलेल्या नटीनें करून दाखविलें. चौदा टाळकऱ्यांच्या यादींत तिला जागा नाहीं. ते देवळांत येत, ऐकत, सांवरत आणि परत जात. त्यांपैकीं कोणी चुलीशीं डोकावून दाणे आहेत कीं नाहींत हें विचारलें का, याविषयीं गाथेंत फार थोडें मिळतें.

तुकोबा १६५० च्या सुमारास गेले तेव्हां जिजाई गरोदर होती. मागाहून जन्मलेल्या नारायणबोवांनीं १६८५ मध्यें वडिलांच्या पादुका पालखींत घालून पंढरीच्या वाटेस लाविल्या, आणि पालखीच्या इतिहासाचा आरंभ त्यांच्या नांवानें होतो. मधल्या पस्तीस वर्षांत त्या घराचें कसें चाललें, सुदुंबऱ्याचे, येलवाडीचे, चिखलीचे लोक त्या दाराशीं येत राहिले किंवा नाहीं, हा प्रश्न आम्ही गाथेच्या अभ्यासकांपुढें ठेवितों.